मागील दार

आमचे घर पुण्याच्या जुन्या वस्तीत आहे आणि जुन्या घरांच्या रीतीस अनुसरून त्यास दोन दारे आहेत. पुढील दार पाहुण्यांसाठी, सणासुदीसाठी आणि सकाळच्या वर्तमानपत्रासाठी. मागील दार भाजीवालीसाठी, रद्दीवाल्यासाठी आणि ज्या गोष्टी चारचौघांच्या दृष्टीस पडू नयेत अशी आपली इच्छा असते त्या सर्वांसाठी. ही वाटणी कोणी ठरवून केली असेल असे नाही. परंतु मध्यमवर्गाच्या ती इतकी अंगवळणी पडली आहे की, ज्यांनी जुनी घरे पाडून एकाच दाराच्या सदनिका बांधल्या त्यांच्याही मनास दोन दारे राहिलीच. गेल्या दोन वर्षांत या दारांविषयी विचार करण्याचा प्रसंग आम्हांस वारंवार आला. त्याची हकीकत सांगावी की न सांगावी या घोळात बरेच दिवस गेले. आणि 'न सांगावी' हाच पक्ष मनास अधिक सोयीचा वाटू लागला, तेव्हा ती सांगितलीच पाहिजे अशी आमची खात्री झाली.

प्रकरण थोडक्यात असे. आमचे वय पंचावन्न. त्यांपैकी एकोणतीस वर्षे एका महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवण्यात गेली. २०२४ साली डाव्या स्तनात कर्करोग असल्याचे निदान झाले, शस्त्रक्रिया झाली, आणि तीनंतर चोवीस आठवडे शिरेतून औषधे घ्यावी लागली. या उपचारास रसायनोपचार असे भारदस्त नाव आहे. पण रुग्णालयात डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सर्वजण त्यास 'केमो' असे, घरच्या मुलास हाक मारावी तसे, आटोपशीर नाव देऊन मोकळे होतात. या पृष्ठांवर लेखकाने स्वतःस 'आम्ही' म्हणावे असा प्रघात आहे व एरवी तो आम्हांस मानवतो. परंतु सुई ज्या हातात शिरते तो हात एकाच माणसाचा असतो. तेव्हा या लेखापुरते 'आम्ही' म्हणजे चष्मा लावणारी, किंचित हट्टी, एकच एक मध्यमवयीन बाई असे वाचकांनी समजावे.

गाठ प्रथम हाताला लागली ती फाल्गुनात, स्नान करताना. वाटाण्याएवढी, टणक, आणि मुळीच न दुखणारी. न दुखणे हा तिचा गुण आहे असे त्या वेळी वाटले. त्यावर विसंबणे ही चूक होती हे मागाहून कळले. डॉक्टरांस ती दाखवली आषाढात. मधल्या चार महिन्यांचा हिशेब आमच्याजवळ चोख आहे: प्रथम उत्तरपत्रिका होत्या, मग पुतणीचे लग्न निघाले, मग प्रवेशाचे दिवस आले. यांपैकी एकही कारण खोटे नव्हते, आणि एकही खरे नव्हते. खरे कारण असे की, ती गाठ ज्या अवयवात होती त्याचे नाव आमच्या घरात उच्चारता येत नव्हते. संस्कृत काव्यात ज्या शब्दाची रेलचेल आहे, इंग्रजी कविता शिकवताना ज्याचा अर्थ आम्ही भरल्या वर्गात निर्विकारपणे सांगत आलो, तो शब्द स्वयंपाकघरात सासूबाईंसमोर किंवा पानावर बसलेल्या तरुण मुलासमोर जिभेवर येईना. अखेर यजमानांस सांगितले ते 'छातीत काहीतरी लागते आहे' असे. आणि त्यांनी बिचाऱ्यांनी तत्परतेने हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली!

आता हे आठवून हसू येते. परंतु त्या चार महिन्यांत वाटाण्याची सुपारी झाली होती आणि काखेतील दोन ग्रंथींपर्यंत रोगाचा शिरकाव झाला होता. आधी गेलो असतो तर तो टळला असता काय, हे कोणताही डॉक्टर निश्चयाने सांगत नाही. हा प्रश्न जन्मभर अनुत्तरित राहावयाचा, हीच त्या मौनाची शिक्षा होय.

असे मौन पाळणाऱ्या आम्ही एकट्याच नव्हे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली एक मोठा प्रयोग आरंभिला. मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. त्यांपैकी एका गटातील स्त्रियांची तपासणी, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी करीत. २०२१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तथापि विचार करावयाचा तो असा की, या कामी यंत्र नव्हते, क्ष-किरण नव्हते. एका बाईचा शिकलेला हात होता, आणि दुसऱ्या बाईस त्या अवयवाविषयी सरळ विचारण्याचा धीटपणा होता. आमच्या घरी पदव्या पुष्कळ होत्या. हा धीटपणा तेवढा नव्हता.

असो. शस्त्रक्रियेची जखम भरल्यावर केमोच्या तयारीस आरंभ झाला. आमच्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी समोर कागद ओढून अभ्यासक्रम लिहून दिला: पहिल्या चार मात्रा एकवीस एकवीस दिवसांच्या अंतराने, मग बारा मात्रा दर आठवड्यास एक याप्रमाणे. मुलांस तीस वर्षे पूर्वतयारीचा उपदेश केलेल्या माणसास हा कागद पाहून जवळजवळ आनंद झाला. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तारखा मांडल्या. किडलेली दाढ आधी काढून घेतली. कारण रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्यावर दातांतील क्षुल्लक पू देखील जिवावर बेतू शकतो. हृदयाची ध्वनिलहरींनी तपासणी झाली. कारण पहिल्या औषधांपैकी एक हृदयास थकवू शकते. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, पोर्ट नावाची एक लहानशी डबी बसवली, म्हणजे दर खेपेस नवी शीर शोधावयास नको. मऊ कुंचल्याचा दात घासण्याचा ब्रश, गुळण्यांसाठी मीठ व खाण्याचा सोडा, आणि एक चांगला तापमापक अशी खरेदी झाली. कच्ची कोशिंबीर बंद, फळे सोलून, कोणाच्याही आग्रहाखातर चूर्ण किंवा काढा डॉक्टरांस विचारल्याविना घ्यावयाचा नाही. आणि सर्वांत मोठा नियम: ताप १००.४ अंशांवर गेला तर सकाळची वाट पाहावयाची नाही. रात्र असो की सण असो, तडक रुग्णालयात यावयाचे.

पहिली मात्रा पितृपक्षात येत होती. सासूबाईंनी चार दिवस थांबून घटस्थापनेनंतर आरंभ करावा असे सुचवले. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या, पण बुद्धी तल्लख. डॉक्टरीणबाईंनी हसून एवढेच विचारले, "आजी, गाठीनं पंचांग पाहिलं होतं का?" सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत, मात्र सप्टेंबरच्या तीस तारखेस निघताना हातावर दही घालण्यास चुकल्या नाहीत.

आमचा स्वभाव असा की, ज्याची भीती वाटते त्याचे मूळ शोधल्याविना चैन पडत नाही. तेव्हा त्या आठवड्यांत आम्ही आमच्या औषधांचा इतिहास वाचून काढला. पहिल्या जोडीतील लाल औषध डॉक्सोरुबिसिन. इटलीच्या दक्षिणेस पुलिया प्रांतात कास्तेल देल मोंते नावाचा तेराव्या शतकातील एक किल्ला आहे. त्याच्या परिसरातील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून त्याचा उगम. त्याच्या जोडीचे सायक्लोफॉस्फामाइड हे युद्धातील विषारी मस्टर्ड वायूच्या कुळातले. आणि योगायोग असा की, त्या वायूची एक भयंकर कथा त्याच पुलिया प्रांतात घडली. २ डिसेंबर १९४३ रोजी तेथील बारी बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. बंदरातील एका अमेरिकन जहाजात मस्टर्डचे बॉम्ब गुप्तपणे साठवलेले होते. ते फुटले, परंतु गुप्तता इतकी कडक की, अंग भाजून आलेल्या खलाशांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांसही कोणी सांगेना की हे भाजणे कशाचे. न सांगितल्यामुळे कित्येकांस योग्य उपचार वेळीच मिळाला नाही व ते दगावले. त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्याचे मागाहून नोंदले गेले. असल्याच द्रव्यांची अल्पशी मात्रा माजलेल्या पेशींवर चालवून पाहण्याचा प्रयत्न अमेरिकेत आदल्याच वर्षी सुरू झाला होता. विषाचे औषध झाले ते, त्याविषयी बोलता येऊ लागले तेव्हा!

दुसऱ्या पर्वातील औषध पॅक्लिटॅक्सेल हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून मिळाले. त्याचे शुद्ध द्रव्य वेगळे करून त्याची रचना १९७१ साली जगापुढे ठेवणारे जे शास्त्रज्ञ, त्यांत मन्रो वॉल यांच्या बरोबरीचे नाव मनसुख वाणी यांचे. हे वाणी १९२५ साली आपल्या नंदुरबारात जन्मले आणि मुंबई विद्यापीठात शिकले. हे वाचले त्या दिवशी आम्ही ते घरातील प्रत्येकास सांगितले. सासूबाईंनी एवढेच विचारले, "म्हणजे आपल्याकडचाच मुलगा की!" आणि त्या औषधाविषयीचा त्यांचा अर्धा अविश्वास तेथल्या तेथे नाहीसा झाला.

याप्रमाणे सर्व तयारी झाली, आणि जेथे तयारी मुळीच नव्हती ती जागा अगदीच निराळी निघाली. केस जाणार हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते: पहिल्या मात्रेनंतर दोन ते तीन आठवड्यांत गळू लागतील, उपचार संपल्यावर पुन्हा येतील, तेव्हा आधीच बारीक कापून टाकल्यास त्रास कमी. आम्हांस हे पटले. पंचावन्नाव्या वर्षी वेणीचे कौतुक ते काय उरले असणार! घरी तसे बोलताच मात्र सासूबाई ताटावरून उठल्या. "सवाष्ण बाईनं डोकं करू नये," एवढेच त्या म्हणाल्या आणि देवघरात जाऊन बसल्या. आम्ही रागावलो. औषधाचा परिणाम आणि अपशकुन यांतील भेद न कळणाऱ्या अडाणी माणसांवर वर्गात दिलेली सारी व्याख्याने आमच्या मनात उभी राहिली. दोन दिवस घरात कामापुरते बोलणे.

तिसऱ्या दिवशी सासूबाई आपण होऊन बोलल्या. त्यांचे माहेर वाईचे. तेथे त्यांच्या वडिलांची एक आत्या घरी असे. बालविधवा, लाल आलवणातली, त्या वेळी सत्तरीची. १९४६-४७ च्या सुमारास सासूबाई सहासात वर्षांच्या होत्या. दर पंधरवड्यास न्हावी येई तो मागील दाराने. आत्याबाई गोठ्याच्या आड खाली मान घालून बसत. मुलांनी तिकडे फिरकावयाचे नाही अशी ताकीद असे. एकदा ही मुलगी फिरकली, आणि आत्याबाईंनी वर पाहिले. "तिनं पदर ओढायला हात वर केला," सासूबाई म्हणाल्या, "आणि पदरच सापडेना तिला. ते मी कधी कुणाला सांगितलं नाही."

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून, विधवांच्या डोक्यास वस्तरा लावावयाचा नाही असा ठराव केला, हे आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितले असेल. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला, हे वाक्य आमचे ठरलेले होते. परंतु त्यानंतर अर्धशतक लोटल्यावरही वाईच्या एका घरात मागील दाराने तो वस्तरा येतच होता, आणि तो पाहिलेली मुलगी तीस वर्षे आमच्याच घरात आमच्या समोर जेवीत होती, हे आमच्या व्याख्यानात कोठेच नव्हते. ज्यास आम्ही अडाणीपणा समजलो तो वस्तुतः एक फार जुना घाव होता.

पुढे केस गळू लागले. ते एकेक गळत नाहीत. विंचरताना झुबकेच्या झुबके हातात येतात आणि डोक्याची कातडी दुखते. सकाळी जाग आली की उशी मात्र स्वच्छ दिसे. हे कसे, म्हणून एके पहाटे आम्ही डोळे मिटून जागे राहिलो. सासूबाई काठी न वाजवता आल्या, उशीवरचे केस बोटांनी वेचून ओच्यात घेतले आणि तशाच निघून गेल्या. त्या दिवशी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, "बोलाव त्याला. पण मागच्या दारानं नको. पुढच्या दारानं येऊ दे."

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, यजमानांचे केस आज वीस वर्षे कापणारे आमच्या गल्लीतील गृहस्थ पुढील दाराने आले. सासूबाईंनी दिवाणखान्याच्या खिडक्या उघडावयास लावल्या व खुर्ची मधोमध ठेवली. मशीन दहा मिनिटे चालले. त्या शेजारी बसून होत्या; मधूनच त्यांचा हात आमच्या गुडघ्यावर होता. काम झाल्यावर त्यांनी त्या गृहस्थांस पाहुण्यांच्या कपात चहा दिला, खोबरेल तेल कोमट करून आमच्या डोक्यास लावले, आणि आमच्या कपाळावरची टिकली तिरपी झाली होती ती सरळ केली. पैसे घेण्यास ते गृहस्थ तयार होईनात. सासूबाईंनी ते त्यांच्या खिशात घातले. पुढे काय होईल ते होवो, या रोगातील जी गोष्ट आम्हांस सर्वांत कठीण जावयाची होती ती त्या सकाळी होऊन गेली असे आम्हांस वाटले.

उपचाराचे दिवस कसे गेले म्हणून पुष्कळजण विचारतात. ते सारखे जात नाहीत, हे त्याचे उत्तर. लाल औषधाची मात्रा घेतल्यावर एकदोन दिवस लघवीस लालसर रंग येतो. आधी सांगून ठेवले नसते तर आम्ही रक्त समजून घाबरलो असतो. उलटीवर आता चांगली औषधे निघाली आहेत, त्यामुळे चित्रपटांत दाखवतात तसे काही झाले नाही. पण तिसऱ्या ते सहाव्या दिवसांपर्यंत अंगातून कोणी कणा काढून नेल्यासारखे वाटे आणि वरणभातास लोखंडाची चव येई. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली. तिसऱ्यात माणूस पुन्हा माणसांत. ही लय कळल्यावर कामे तिसऱ्या आठवड्यात, वाचन दुसऱ्यात, आणि पहिल्यात काहीच नाही, अशी आम्ही मांडणी केली. भेटीस येणाऱ्यांचेही प्रकार कळले. कोणी आपल्या मावशीच्या मरणाची साद्यंत हकीकत सांगत. कोणी 'तुम्ही फार शूर आहात' असे म्हणून आम्हांस रडण्याची चोरी करून ठेवीत. समोरच्या घरातील बाई मात्र दर सोमवारी डबा आणून ओट्यावर ठेवीत, आदल्या सोमवारचा रिकामा डबा उचलीत आणि घंटा न वाजवताच जात. त्यांच्याइतके आमचे कल्याण दुसऱ्या कोणी क्वचितच केले असेल.

दुसऱ्या मात्रेनंतरच्या अकराव्या दिवशी लक्ष्मीपूजन आले. घर भरलेले, पुतणी व जावई आलेले. संध्याकाळी अंगात कसर वाटली. तापमापकाने १००.८ दाखवले. आम्ही तो झटकून पुन्हा लावला, पुन्हा तेच. आणि वाचकहो, सांगण्यास लाज वाटते, आम्ही तो तापमापक उशीखाली ठेवला! पूजा होऊ द्यावी, पाहुण्यांचे जेवण होऊ द्यावे, सकाळी पाहू. म्हणजे फाल्गुनापासून इतके होऊनही मागील दार आमच्या मनात तसेच सताड उघडे होते. पाव तास गेला. मग आम्ही उठून पूजेच्या खोलीच्या दारात उभे राहिलो आणि सर्वांदेखत मोठ्याने म्हणालो, "मला ताप आहे. आत्ता निघायला हवं." यजमान हातातील पळी तशीच ठेवून उठले. त्या रात्री पांढऱ्या पेशींतील जंतूंशी लढणारा जो मुख्य वर्ग, त्याची संख्या तीनशे निघाली. निरोगी माणसात ती दीडहजाराच्या वर असते. चार दिवस शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झाले असते, हे त्या रात्रीच्या डॉक्टरांनी न विचारताच सांगितले.

साप्ताहिक मात्रा सुरू झाल्यावर शेजारच्या आरामखुर्चीत बार्शीकडच्या एक बाई असत. भावाबरोबर येत. डोक्यावर घट्ट पदर. गावात त्यांनी सांगितले होते की, लेकीच्या बाळंतपणास निघाले आहे. गाठ कळल्यास वर्ष होऊन गेले होते. तीन आठवडे त्या आमच्या उघड्या डोक्याकडे पाहत राहिल्या, चौथ्या आठवड्यास हळूच म्हणाल्या, "बाई, तुमी घरी सांगितलं व्हतं का?" आम्ही खरे ते सांगितले: चार महिने नव्हते सांगितले. त्यांस फार आश्चर्य वाटले. "तुमी तर शिकलेल्या!" शिक्षणाने आम्हांस दिले ते इतकेच, की आमच्या सबबींची भाषा त्यांच्याहून शुद्ध होती.

त्या खुर्चीत बसून आम्हांस फॅनी बर्नी या इंग्रज कादंबरीकर्त्रीची पुष्कळदा आठवण होई. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये नेपोलियनच्या सैन्यातील प्रख्यात शस्त्रवैद्य लारे यांनी तिचा रोगग्रस्त स्तन कापून काढला. भूल देण्याची कला त्या वेळी तेथे माहीतच नव्हती. पती घरी असू नये अशी व्यवस्था तिने स्वतःच केली, आणि एकटीने ते सोसले. पुढे कित्येक महिन्यांनी तिने ती सर्व हकीकत पत्राने बहिणीस कळवली. लिहिण्यासही तिला महिने लागले, आणि लिहिलेले पुन्हा वाचवले नाही. पण तिने लिहिले. आणि त्यानंतर ती आणखी अठ्ठावीस वर्षे जगली. पूर्वी आम्ही हे पत्र शैलीचा नमुना म्हणून वाचीत असू. आता वाटते, जे तिला पतीसमोर बोलता आले नाही ते तिने उशिरा का होईना, पुढील दाराने बाहेर आणले.

मार्चमध्ये बारावी मात्रा झाली. पुढे किरणोपचार झाले, आणि रोज घ्यावयाची एक गोळी काही वर्षे चालेल. नंदुरबारकरांच्या औषधाने बोटांची टोके बधिर केली. जूनमध्ये वर्गात गेलो तेव्हा खडू हातातून दोनदा पडला. पहिल्या बाकावरील एका मुलीने तो उचलून दिला आणि काही बोलली नाही. आता ती बधिरता ओसरत आली आहे. केस आले, पण कुरळे आले. सासूबाई म्हणतात, आमच्या घरात कुरळे केस कोणाचेच नाहीत, हे कोठून आणलेस!

परवा संध्याकाळी समोरच्या त्याच डबेवाल्या बाईंची सून आमच्याकडे आली. पुढील दारात उभी राहून, सासूबाई व यजमान दोघेही समोर असताना, ती म्हणाली, "काकू, मला स्तनात गाठ लागतेय. कालच कळलं." शब्द अगदी सरळ उच्चारला गेला आणि घर जागच्या जागी राहिले. आम्ही तिला बसावयास सांगणार तोच सासूबाई म्हणाल्या, "चपला काढू नकोस. आधी दवाखाना." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तूही जा तिच्याबरोबर."

पुष्कळशा गाठी निरुपद्रवी असतात. तिचीही तशीच निघाली. परतताना रात्र झाली होती. पुढील दार उघडे होते आणि सासूबाई तेथे खुर्ची टाकून बसल्या होत्या.